मार लागलेल्या डोळ्याचा मोतीबिंदू : शस्त्रक्रियेनंतर दृष्टी परतण्याचा मार्ग

जालना जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ओळखीची आहे. घरातल्या आजी-आजोबांपैकी कोणीतरी नेत्रतपासणी शिबिरात निवडले गेलेले असते, जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन काळा चष्मा लावून परतलेले असते आणि पट्टी सुटताच नातवंडांचे चेहरे लख्ख दिसू लागल्याचे त्यांनी सगळ्यांना सांगितलेले असते. वयोमानाने येणाऱ्या मोतीबिंदूबाबत हा अनुभव खरा आहे. मात्र पऱ्हाटीचा फोक डोळ्यात शिरून, छिन्नीचा तुकडा उडून किंवा विटी लागून ज्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आहे, त्या डोळ्याला हाच हिशेब लावला, तर चौथ्या दिवशी रुग्ण हताश होतो, घरचे लोक शस्त्रक्रियेला दोष देऊ लागतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे पुढच्या तपासण्या बंद पडतात. अशा डोळ्याची दृष्टी टप्प्याटप्प्याने परतते. ती किती परतेल हे मोतीबिंदूपेक्षा त्या मारात डोळ्याच्या इतर भागांचे काय झाले यावर ठरते, आणि तिचा बराच भाग शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत कमावला किंवा गमावला जातो.

डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागे, एक पारदर्शक भिंग पातळ पिशवीत बंद असते आणि ही पिशवी अतिशय बारीक तंतूंनी सभोवार टांगलेली असते. पिशवीला चीर गेली की डोळ्यातील पाणी भिंगात शिरते, त्याचे तंतू फुगतात आणि काही तासांत किंवा दिवसांत ते पांढरे होते. हाच मार लागून होणारा, म्हणजे आघातजन्य मोतीबिंदू होय. पिशवी न फाटता नुसता जोराचा ठोसा बसला, तरी भिंगात फुलाच्या पाकळ्यांसारखा धूसरपणा उमटू शकतो, आणि तो कधीकधी काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही दिसून येतो. त्यामुळे ‘मार तर मागच्या दिवाळीत लागला होता’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगण्याजोगे असते. विजेचा जबर धक्का बसलेल्या व्यक्तीलाही पुढे मोतीबिंदू होऊ शकतो, ही गोष्ट शेतीपंप आणि उघड्या तारांशी रोज संबंध येणाऱ्या भागात लक्षात ठेवावी.

जालना शहर सळईच्या कारखान्यांसाठी आणि बियाणे उद्योगासाठी ओळखले जाते, तर अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद आणि बदनापूर या तालुक्यांत कापूस, सोयाबीन, तूर, मका आणि मोसंबी ही पिके मोठ्या प्रमाणावर होतात. डोळ्याच्या दुखापतींचे स्वरूपही या कामांनुसार बदलते. लोखंडावर लोखंड आपटताना उडणारा कण बारीक, धारदार आणि वेगवान असतो. तो बुबुळाला इतके लहान छिद्र पाडून आत जातो की पहिल्या दिवशी ‘थोडे टोचले’ एवढेच जाणवते. हा लोखंडी कण आत राहिला तर त्याचा गंज हळूहळू डोळ्यात उतरतो, भिंग तपकिरी होते आणि प्रकाश टिपणारा आतला पडदाही खराब होत जातो. म्हणून कारखान्यातील किंवा गॅरेजमधील प्रत्येक जखमीने कण आत आहे का हे एक्स-रे किंवा सीटी स्कॅनने पाहून घ्यावे, आणि लोखंडी कणाची शंका असेपर्यंत एमआरआय तपासणी करू नये, कारण तिच्या चुंबकामुळे कण डोळ्यातच सरकू शकतो. शेतातील दुखापतीत धोका वेगळा असतो. तुराटी, पऱ्हाटी, मोसंबीचा काटा किंवा ज्वारीचे पान यांच्यासोबत मातीतील जंतू आणि बुरशी आत जाते, आणि तिथे घरगुती उपाय फार नुकसान करतात. मध, तूप किंवा अंगावरचे दूध डोळ्यात घालणे, जिभेने किंवा पदराच्या टोकाने कुसळ काढून घेणे, किंवा औषध दुकानातून मिळणारे स्टेरॉइडचे थेंब न विचारता टाकणे यांमुळे साधी जखम पिकते, आणि बुबुळावर कायमचा पांढरा डाग, ज्याला लोक ‘फूल पडणे’ म्हणतात, तो उरतो. त्या फुलामागचा मोतीबिंदू पुढे कितीही कौशल्याने काढला, तरी फुलातून पाहावेच लागते.

यावरून दृष्टी परतण्याचा पहिला नियम समजतो. डोळ्यात प्रकाशाच्या वाटेवर समोर पारदर्शक पारपटल, म्हणजे बोलीतले बुबुळ, असते, मध्ये भिंग, त्यामागे घट्ट रसासारखा पारदर्शक द्रव, आणि शेवटी दृष्टिपटल म्हणजे चित्र टिपणारा पडदा, ज्याच्या मध्यभागी बारीक अक्षरे वाचणारा पीतबिंदू असतो. तिथून चित्र दृष्टीच्या मज्जातंतूने मेंदूकडे जाते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या वाटेवरचा एकच अडसर दूर करते. उरलेले टप्पे शाबूत असतील तर मार लागलेल्या डोळ्यालाही उत्तम दृष्टी मिळू शकते. पारपटलावर टाक्यांचा व्रण असेल, पडदा सुटला असेल किंवा मज्जातंतूला इजा झाली असेल, तर दृष्टीवरची मर्यादा तिथून ठरते.

भिंग पूर्ण पांढरे असल्यास डॉक्टरांना मागचा पडदा दिसत नाही, म्हणून सोनोग्राफीने पडदा जागेवर आहे का हे पाहतात, टॉर्चचा प्रकाश एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत बाहुली कशी आकसते हे तपासतात, आणि रुग्णाला प्रकाश कोणत्या दिशेने येतो ते विचारतात. चारही दिशांचा प्रकाश अचूक ओळखता येणे ही आशादायक खूण आहे. शस्त्रक्रियेपूर्वी ‘मोतीबिंदू निघेल का’ असे विचारण्यापेक्षा ‘पडदा, मज्जातंतू आणि बुबुळ यांची स्थिती कशी आहे आणि त्यानुसार किती दृष्टीची अपेक्षा ठेवावी’ असे विचारावे, आणि मिळालेले उत्तर कुटुंबातील निर्णय घेणाऱ्या सर्वांनी एकत्र बसून ऐकावे. नंतरचे बरेच गैरसमज या एका बैठकीत टळतात.

कागदावर दृष्टी ६/६, ६/१८, ६/६० अशी लिहिलेली असते. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येते, ते रुग्णाला ६ मीटरवर आल्यावरच वाचता येते. त्याहून कमी दृष्टी आधी बोटे मोजता येणे, मग हाताची हालचाल कळणे, मग नुसता उजेड कळणे अशा क्रमाने नोंदवतात. ज्या डोळ्याला शस्त्रक्रियेपूर्वी फक्त उजेड कळत होता आणि नंतर ६/२४ दिसू लागले, त्या डोळ्याने मोठा पल्ला गाठलेला असतो. पण रुग्ण त्याची तुलना आपल्या निरोगी डोळ्याशी करतो आणि म्हणून त्याला ते कमी वाटते.

फाटलेल्या डोळ्यात बहुधा आधी जखम टाके घालून बंद केली जाते आणि दाह शांत झाल्यावर, काही आठवड्यांनी, मोतीबिंदूला हात घातला जातो. भिंगाचा गर बाहेर पसरून दाह किंवा डोळ्यातील दाब वाढत असेल तर हे लवकर करावे लागते. ही प्रतीक्षा उपचाराचाच भाग आहे. तिला हयगय समजून रुग्णालय बदलत फिरणाऱ्यांचे आधीचे कागद हरवतात आणि मोलाचा वेळ जातो. तंतू तुटलेले असतील किंवा पिशवी फाटलेली असेल तर कृत्रिम भिंग नेहमीच्या जागी बसत नाही; ते शिवून किंवा दुसऱ्या पद्धतीने अडकवावे लागते, किंवा नंतरच्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवावे लागते. कृत्रिम भिंगाची कल्पनाही डोळ्याच्या दुखापतीतूनच पुढे आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे शिरले होते, आणि ते तिथे असूनही डोळा त्यांना फारसा विरोध करत नाही, हे लंडनमधील नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांच्या ध्यानात आले. त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिल्यांदा एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. आज जालन्यात बसवले जाणारे प्रत्येक कृत्रिम भिंग त्या निरीक्षणाचे ऋणी आहे.

भिंग बसवता आले नाही, तर त्या डोळ्याला साधारण अधिक दहाच्या आसपास नंबर लागतो. दुसरा डोळा निरोगी असताना असा जाड चष्मा उपयोगी पडत नाही, कारण त्यातून प्रतिमा सुमारे पाव पटीने मोठी दिसते आणि मेंदूला एक लहान व एक मोठे चित्र जुळवता येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्सने हा फरक पुष्कळ कमी होतो आणि व्रणामुळे ओबडधोबड झालेल्या पारपटलावर कडक लेन्स विशेष चांगली दृष्टी देते. पण धुळीत, उन्हात आणि पाण्याच्या टंचाईत राबणाऱ्या माणसाने ती रोज स्वच्छ ठेवणे अवघड असते, म्हणून शेतकऱ्याच्या बाबतीत दुसऱ्या टप्प्यात भिंग बसवण्याचा पर्याय आधी विचारून पाहावा.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस डोळ्यात खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही आणि दृष्टी धूसर असते. मार लागलेल्या डोळ्यात दाह अधिक असल्याने हा काळ नेहमीपेक्षा लांबतो. बाहुली मोठी ठेवणारे थेंब चालू असतील तर जवळचे अक्षर मुळीच लागत नाही. त्याने घाबरून जाऊ नये. दाह कमी करणारे स्टेरॉइडचे थेंब आठवड्यागणिक कमी करत नेतात. बरे वाटले म्हणून ते एकदम थांबवले तर दाह उलटतो, आणि पूर्वीची बाटली उरली म्हणून महिनोन्‌महिने टाकत राहिले तर काही जणांच्या डोळ्यातील दाब वाढतो. या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात. थेंब टाकताना हात साबणाने धुवावेत, खालची पापणी ओढून तिच्या खोबणीत एकच थेंब सोडावा, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये, दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, आणि उघडलेली बाटली महिनाभरानंतर टाकून द्यावी. वृद्ध किंवा एकट्या रुग्णासाठी घरातील एकाच व्यक्तीने ही जबाबदारी घेऊन वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणेने नोंदवाव्यात. झोपताना डोळ्यावर संरक्षक कवच लावावे. डोक्यावरून अंघोळ, चुलीचा धूर, सोयाबीनची मळणी, जिनिंगमधील कापसाची धूळ आणि जड ओझे डॉक्टर सांगतील तोपर्यंत टाळावे.

चष्म्याची घाई करू नये. साध्या मोतीबिंदूत चार ते सहा आठवड्यांनी नंबर स्थिरावतो. पारपटलावर टाके असतील तर ते काढेपर्यंत, म्हणजे बऱ्याचदा काही महिने, नंबर बदलत राहतो, कारण प्रत्येक टाका पारपटलाला एका दिशेने ओढतो आणि प्रतिमा वाकडी होते. चष्म्याच्या दुकानात यालाच सिलिंडरचा नंबर म्हणतात. चष्म्याने सुधारणा होईल का याचा घरगुती अंदाज जाड पुठ्ठ्याला दाभणाने बारीक छिद्र पाडून त्यातून पाहिल्यास येतो: छिद्रातून अक्षर अधिक स्पष्ट दिसले तर दोष बहुधा नंबरचा आहे, आणि तसेच धूसर राहिले तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. विशी-तिशीतील रुग्णांना आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. नैसर्गिक भिंग जवळ-दूर पाहताना आपला आकार बदलते, कृत्रिम भिंग बदलत नाही, त्यामुळे पंचवीस वर्षांच्या तरुणालाही मोबाइल वाचण्यासाठी त्या डोळ्याला जवळचा नंबर लागतो. तो शस्त्रक्रियेतील दोष नसतो.

आठवड्यातून एकदा, ठरावीक अंतरावर बसून, चांगला डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे कोणते अंक वाचता येतात हे लिहून ठेवावे, आणि चौकटीची उभी कड सरळ दिसते का हेही पाहावे. सरळ रेषा नागमोडी दिसू लागणे ही पीतबिंदूला सूज आल्याची खूण असू शकते, आणि ती औषधाने बहुधा आटोक्यात येते. दुखणे किंवा लाली कमी होण्याऐवजी वाढणे, आलेली दृष्टी पुन्हा जाणे, घाण येणे, डोकेदुखीसोबत उलटी होणे, डोळ्यासमोर विजा चमकणे, अचानक काळे ठिपके वाढणे किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. जंतुसंसर्ग काही तासांत डोळा घालवू शकतो. जालन्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, आणि देऊळगाव राजा रस्त्यावरील श्री गणपती नेत्रालयात शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटरवर आहे. आपल्या रुग्णालयाचा रात्रीचा संपर्क क्रमांक घरी परतण्यापूर्वीच लिहून घ्यावा.

दृष्टी सुधारत असताना दोन्ही डोळ्यांची चित्रे मेंदूत पुन्हा जुळायला वेळ लागतो आणि तोवर खोलीचा अंदाज चुकतो. चहा कपाबाहेर ओतला जातो, विहिरीच्या पायऱ्या फसव्या वाटतात, सुईत दोरा जात नाही. या काळात दुचाकी, ट्रॅक्टर आणि कडबा कुट्टी यंत्र यांपासून दूर राहावे आणि भट्टीवरचे काम डॉक्टरांच्या लेखी परवानगीनेच सुरू करावे. पुढे कामावर जाताना साधा चष्मा पुरत नाही. बाजूने बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवा, आणि एकच डोळा भरवशाचा उरलेल्या माणसाने तर तो शेतातही वापरावा.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दृष्टी पुन्हा धुरकट झाली की ‘मोतीबिंदू परत आला’ असे म्हटले जाते. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. कृत्रिम भिंगामागे ठेवलेली पिशवीची पाठ जाडसर होते, आणि याग लेसरने, टाका न घालता, काही मिनिटांत तिच्यात खिडकी पाडता येते. याहून गंभीर, आणि अधिक दुर्लक्षित, बाब काचबिंदूची आहे. मुक्या माराने डोळ्यातील पाण्याचा निचरा होणारा कोपरा फाटलेला असेल, तर दाब अनेक वर्षांनी, दहा वर्षांनीसुद्धा, वाढू शकतो; तो दुखत नाही, आणि गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने परत येत नाही. त्यामुळे छान दिसत असले तरी वर्षातून एकदा दाब तपासणे आयुष्यभर चालू ठेवावे. डोळा फुटलेल्या किंवा फाटलेल्या जखमेनंतर फार क्वचित शरीराची संरक्षण यंत्रणा निरोगी डोळ्यावरच उलटते. चांगला डोळा लाल झाला, उजेड खुपू लागला किंवा धूसर दिसू लागले, तर जुन्या दुखापतीची माहिती देऊन तत्काळ उपचार घ्यावेत. वेळीच औषध मिळाल्यास तो डोळा वाचण्याची शक्यता चांगली असते.

मुलांची बाब सर्वस्वी वेगळी आहे. धनुष्यबाण, विटीदांडू, छऱ्याची बंदूक, सुतळी बॉम्ब यांनी झालेल्या मोतीबिंदूत शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दृष्टी येत नाही, असे लहान मुलांत घडते, आणि त्याचे कारण डोळ्यात नसून मेंदूत असते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू पाहायला शिकत असतो. एका डोळ्याचे चित्र धूसर राहिले तर तो त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि डोळा मंद पडतो. याला आळशी डोळा म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला योग्य चष्मा देऊन चांगला डोळा रोज डॉक्टरांनी सांगितलेले तास पट्टीने झाकणे. मूल रडते, पट्टी काढते, वर्गात चिडवले जाते. आजीला त्याची दया येते आणि पट्टी सुटते. इथे दयेने मुलाचा डोळा जातो, हे आजीला समजावून सांगण्याचे काम आई-वडिलांनी करावे, पट्टी लावलेल्या वेळात चित्र रंगवणे, मणी ओवणे किंवा ज्वारीतले खडे वेचणे अशी नजर लावणारी कामे द्यावीत, आणि वर्गशिक्षकांना भेटून मुलाला पुढच्या बाकावर बसवून घ्यावे. मुलांमध्ये पिशवीची पाठ जवळपास हमखास जाड होते, म्हणून लहान मुलात ती शस्त्रक्रियेतच उघडतात. डोळा वाढत असल्याने चष्म्याचा नंबरही वारंवार बदलतो. सहा महिन्यांपूर्वीचा चष्मा मुलाच्या डोळ्यावर आहे म्हणजे उपचार चालू आहेत असे धरून चालू नये.

कागदपत्रांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी. भिंगाचा क्रमांक असलेले कार्ड, शस्त्रक्रियेचा सारांश आणि दुखापतीची नोंद एका फाइलीत ठेवावी, कारण दहा वर्षांनी दाब तपासणाऱ्या डॉक्टरांनाही तिचा उपयोग होतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारावे. कामावर दुखापत झालेल्या कामगाराला राज्य कामगार विमा लागू असेल तर तिथे, नसेल तर कामगार भरपाईच्या कायद्याखाली दाद मागता येते; १९२३च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची दृष्टी गेल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के आणि डोळाच गेल्यास ४० टक्के घट धरली होती. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, जिच्यात अपघाताने एक डोळा कायमचा निकामी झाल्यास १ लाख आणि दोन्ही झाल्यास २ लाख रुपये मिळतात, आणि त्यासाठी सातबारा व वैद्यकीय कागदांसह तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत प्रस्ताव द्यावा लागतो. दृष्टी किती परतेल हे ठरायला मात्र काही महिने लागतात. म्हणून प्रस्ताव मुदतीत दाखल करावा, अंतिम दृष्टीचा दाखला नंतर जोडता येईल का हे त्याच कार्यालयात विचारून घ्यावे, आणि या धावपळीत थेंबांची एकही वेळ चुकणार नाही अशी व्यवस्था घरात करून ठेवावी.